टी-पॉइंटवरची गाठ

डिसेंबरात सरकार नागपूरला येतं.
त्याच्या आठ दिवस आधी आम्ही येतो,
चिखलाबोडीचे अकरा जण, लांजेवार ठेकेदाराच्या मेटाडोरमधून,
बल्ल्यांवर बसून.

तोवर दुभाजकातल्या झाडांना गेरू लागलेला असतो,
खड्ड्यांत रात्रीतून डांबर.
आमच्या वाट्याला मॉरिस कॉलेज टी-पॉइंट.
उभ्या बल्ल्या दोन पुरुष उंच, आडव्या तीन,
काथ्यानं आवळायच्या.
साडेचारशे रोज. संध्याकाळी. हातात.

पहिल्या दिवशी ते मी तीनदा मोजले.
पैसे कमी होते म्हणून नाही.
बोडीच्या खोलीकरणाचे चैत्रातले सहा हप्ते
अजून 'प्रक्रियेत' आहेत,
माझे, बायकोचे.
सयत्राकाकूचे जमा झालेत म्हणे, पण निघत नाहीत:
मांढळच्या सातऱ्यावर मिरची खुडून खुडून
तिच्या अंगठ्याला रेषाच उरल्या नाहीत.
बँकमित्राच्या यंत्रावर ठेवला की यंत्र लाल होतं.
ती म्हणते, त्यालेही झोंबत असन.

पंचायत म्हणते तहसीलला विचारा,
तहसील म्हणते जिल्ह्याला,
जिल्हा नुसतं बोट वर करतो.
मी आधी छताकडे पाहायचो.
आता ते वरचं सगळं इथे आलं आहे,
फायलींचे गठ्ठे, लाल दिवे, चहाचे थर्मास,
चालत गेलो तर वीस मिनिटं.
मधे मी बांधलेलं कुंपण.

ठेकेदारानं दोघांना ठेवून घेतलं,
तुटलं तर बांधायला.
म्हणून मोर्चा क्रमांक चौदा आला तेव्हा
मी आतल्या बाजूला होतो, पोलिसांच्या पाठीमागे,
खांद्यावर काथ्याचं वेटोळं.
बाया दोनशेक असतील. सगळ्यांची नाकं गळत होती;
मिरचीवाल्या बाया लांबूनही ओळखू येतात.
आमच्या गावच्या बारा.
पुढं काकू.

माइकवर कोणीतरी आकडे वाचत होतं.
मला एकही लागला नाही.
काकूनं बल्लीवर हात ठेवला, मग गाठीवर,
चाचपली,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,
"मांडवाची गाठ आहे हे.
कोनाचं लगन आहे गा?"

दोन शिपाई हसले. मीही हसलो असेन.
एकानं वळून विचारलं, तुझ्या ओळखीची?
मी काथ्या उलगडू लागलो,
मग पुन्हा गुंडाळला.

पाच जणींना आत बोलावणं आलं.
साहेब बैठकीत होते. साहेबांचे साहाय्यकही बैठकीत होते.
एका मुलानं निवेदन घेतलं, शिक्का मारला,
तारीख उद्याची पडली, ती त्यानं पेनानं सुधारली.
खाली काकूचा अंगठा होता, निळा,
नुसता डाग.
कागदानं काही हरकत घेतली नाही.

परत आल्यावर त्या रस्त्यावरच बसल्या,
भाकरी, ठेचा, पाण्याच्या जुन्या बाटल्या.
बल्लीच्या फटीतून काकूनं मला अर्धी भाकरी दिली.
शिपायानं पाहिलं, पण तो दुसरीकडे वळला.

आता ही गाठ अशी आहे:
शेंडी धरून एक हिसका दिला की अख्खी सुटते.
नवरी निघाली की मांडव लगेच उतरवावा लागतो, म्हणून.
बापानं मला शिकवली. बापाला काकूच्या घरच्यांनी.
शेंडी त्यांच्या बाजूला लोंबत होती.
मी चुकून तशी सोडली की मुद्दाम,
हे मलाही धड सांगता येत नाही.

निघताना काकूनं ती हातात धरली.
माझा श्वास अडकला.
तिनं शेंडी दोन वेढे घालून आत खोचली, घट्ट,
आणि म्हणाली,
"लोंबती ठेवू नको. तो लांजेवार तुहा रोज कापन."

मांढळची शेवटची बस साडेपाचची होती.
शिपायानं वहीत चौदावर काट मारली.
पंधरा नंबर पंचशील चौकापर्यंत आला होता,
ढोल ऐकू येत होता.
मी खोचलेली शेंडी पाहत उभा होतो.
भाकरीचा ठेचा बोटांना लागला होता,
तसाच हात डोळ्याला गेला.