दुसरी बाटली

पहिली बाटली संध्याकाळी सहाला,
दुसरी पहाटे पाचला.
कागदावर तसं लिहिलं होतं
आणि मी कागदाबाहेर गेले नाही.

पाचला उठणं ह्यांना नवं नव्हतं.
एकतीस वर्षं पालिकेची लोखंडी चावी खांद्यावर टाकून
भांडुपच्या टेकडीखालचे व्हॉल्व्ह फिरवले.
कुठल्या गल्लीला किती आटे, हाताला पाठ.
बाया हंडे मांडून विचारायच्या, घाडी आले का?

ते खारट, लिंबाच्या नावाचं औषध
नाक दाबून प्यायले.
"समुद्र आटवून भरलाय गं हिच्यात."
वर पाणी भरपूर प्या, नर्स म्हणाली होती.
भरपूर म्हणजे किती, तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
हे दोन पेले प्यायले. पुरे, म्हणाले,
सगळं वाहूनच जातंय.
जन्मभर गळती शोधलेला माणूस.
गुडघ्याची गोळी, प्रेशरची गोळी
रोजच्यासारखी मीच तळहातावर ठेवली.

मुलुंडला नळी घालून पाहिलं.
आतडं लख्ख. डॉक्टर म्हणाले, पेढे द्या.
आम्ही खरंच दिले.

तेराव्या दिवशी पायांवर सूज.
बोट दाबलं की खळगा तसाच,
ओल्या सिमेंटवर राहतो तसा.
क्रिएटिनिन सहा पॉइंट चार.
पारेखबाईंनी विचारलं, पोट साफ करायला काय घेतलं होतं?
मी पिशवीतून रिकामी बाटली काढली.
चांगल्या झाकणाची बाटली मला फेकवत नाही.
दुसरीत मोहरी भरलीय.

बाई वाचत राहिल्या. मग चष्मा काढला.
फॉस्फेट, म्हणाल्या.
मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत क्षार बसलाय.

क्षार बसणं ह्यांना कळतं.
उठून बसले, बाईंनाच समजवायला लागले:
"बाहेरून चार इंची दिसतो पाईप,
आत करंगळी जात नाही."

आता दिवसाला पाऊण लिटर.
चहा, आमटी, गोळीवरचा घोट धरून.
सकाळी मी तांब्या मापून ठेवते.
चावी तुझ्याकडे आली, म्हणतात हे,
आणि हसत नाहीत.

रात्री माठावरचं झाकण सरकतं.
मी कूस बदलत नाही.

पहाटे गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते.
हे झोपेत हात उचलतात,
अंधारात उजवीकडे
दीड आटा फिरवतात.