पावती नंबर ११२

रास्ता पेठेत, सायकलच्या दुकानामागे
बाबांचं वर्कशॉप होतं. तुरटी, भुसा,
आणि एक वास, जो शाळेत माझ्या शेजारी
कुणाला बसू द्यायचा नाही.
वहीत त्यांच्या तिरक्या अक्षरात अजून आहे:
डिसेंबर एकोणसत्तर. कोल्हा, नर, एक. रंग काळा.
‘काळा’खाली दोन रेघा.

साबडे वकिलांनी आणला, जीपमधून, गोणपाटात.
दिवे घाटाच्या वर, हरभऱ्याच्या रानात
तीन रात्री बसले होते म्हणे.
पिवळे सात येऊन गेले, त्यांच्यावर
काडतूस वाया घालवलं नाही.
“कोल्हे काय, पैशाला पासरी. पण असा?”
दारात पोरं जमली. कुणी म्हणालं अपशकुन,
कुणी चार केस मागितले, ताइतासाठी.
शनिवार होता. शब्बाथ संपेपर्यंत
बाबांनी त्याला बर्फाच्या लादीवर ठेवला.

रात्री पोटावरच्या केसांत फुंकर मारली.
मी वाकून पाहिलं:
मुळाशी राखाडी, त्याखाली गुलाबी कातडी,
आमच्या मांजरीची असते तशी.
रंग बोटाच्या पेराएवढासुद्धा खोल नव्हता.

दुसऱ्या दिवशी वकिलांबरोबर एक मेंढपाळ आला,
सुभान कोळपे. वाट दाखवल्याचे पाच रुपये
यायचे होते त्याचे. आत येईना.
उंबऱ्यापलीकडून म्हणाला, “मागल्या पायाची बोटं बघा.”
दोन पांढरी.
“माझ्या काळीची तशीच होती.
माजावर आली की वाड्यातनं रातीची जायची,
आम्ही समजायचो उंडारती.
ह्यो तिचा नातू का पणतू, मला हिशेब येत न्हाई.
दोन कोकरं नेली त्यानं. पण आमची कुत्री
कधी भुंकली न्हाईत ह्याच्यावर.”
वकील हसले. नोट दिली.
ती हातात धरून तो तसाच उभा राहिला,
मग मला विचारलं, पाणी आहे का.

डोळ्यांचा ड्रॉवर उघडायचं काम माझं.
खोक्यांवर चिठ्ठ्या: बिबट्या. चितळ. घुबड, मोठं.
कोल्ह्याचे पिवळे होते, नवेकोरे.
बाबांनी पलीकडची डबी मागितली, तपकिरी,
घोरपडीच्या एका मेजरच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरसाठी
आगाऊ मागवलेली. मेजरची बदली झाली,
कुत्रा काही मेला नाही.

महिन्याभरानं वकिलांनी फडकं उचललं
आणि बराच वेळ गप्प.
“चेऊलकर, हा चिडलेला दिसत नाही.”
ओठ वर करून दात दाखवायचे
बारा रुपये जास्त पडतील, बाबा म्हणाले.
ते त्यांना महाग वाटलं.

खिडकीतल्या उन्हानं पाच-सहा वर्षांत
काळ्याचा तांबूस झाला,
तांबसाचा वाळक्या गवतासारखा.
साबडेबाईंनी एका पाडव्याला तो
रिक्षात घालून परत पाठवला:
आता कुठल्याही कोल्ह्यासारखा दिसतो, जागा अडते.
पावतीवरचे बाकी चाळीस रुपये
त्यांनी काढले नाहीत, बाबांनी मागितले नाहीत.
कसरीनं कातडं खाल्लं. डोळे माझ्याकडे आहेत,
बटणांच्या डब्यात.

परवा भाचीचा मुलगा एलिया फोन घेऊन आला.
वडकीच्या पुढे, प्लॉटिंगच्या कुंपणापाशी
त्यानं फोटो काढलाय. अंधुक.
काळं काहीतरी, मान वळवून बघणारं.
दोनशे लोक विचारतायत, नेमकं कुठं?
पहाटे गाड्या काढायच्या आहेत त्यांना,
हाताएवढ्या लेन्सा घेऊन. एकानं तर
पैसेही देऊ केलेत, वाट दाखवायचे.

मी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा,
पायापर्यंत.
पाय गवतात आहेत.

“मावशी, काय सांगू त्यांना?”
लोणावळ्याकडं म्हणावं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टाईप केलं.
मी चहा टाकला.