आधी पाय

पहिले तीन महिने ठेटे सरांनी
तलवार हातात दिलीच नाही.
सातपूरच्या शाळेची शेड, वर पत्रा, खाली खडूची रेघ,
आणि रेघेवर आम्ही सात जणी,
गुडघे वाकवून, खेकड्यांसारख्या, पुढे, मागे.
"आधी पाय," सर म्हणायचे.
"हाताला घाई असते. अक्कल पायात पाहिजे."

डिसेंबरात पहाटे साडेपाचला
नाशिकची थंडी बुटाच्या तळव्यातून वर चढते.
पोटऱ्यांचे दगड होतात.
मी वहीत लिहायचे:
एकशे चाळीस पुढे, एकशे चाळीस मागे.
आई म्हणायची, तलवारबाजी शिकतेस
की नुसती ये-जा?

त्याच हिवाळ्यात बाबांचं बोट गेलं.
उजवी तर्जनी, अर्धी.
प्रेसवर, दुसऱ्या पाळीत,
सुटायला वीस मिनिटं असताना.
ईएसआयच्या वॉर्डात माणसं आली,
"नशीब, हात वाचला" म्हणाली,
बिस्किटांचे पुडे ठेवून गेली.
बाबा बराच वेळ एका पुड्याकडे बघत होते.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
"उघडून दे."

टाके निघाले त्या संध्याकाळी
त्यांनी हत्यारांच्या डब्यातून एक बोल्ट काढला,
नट सोडवला,
समोर स्टीलचं ताट घेतलं.
अंगठा आणि मधलं बोट.
लावायचा. निसटायचा. ताटात ठण्ण.
पुन्हा.
टीव्हीवर बातम्या, आईची कणीक,
ठण्ण.
धाकटा हर्षल आधी मोजायचा,
मग मोजायचं विसरला.
आम्ही त्या आवाजात जेवलो, अभ्यास केला,
भांडलोसुद्धा.

एकदा त्यांनी बोल्ट भिंतीवर भिरकावला.
कुणी काही बोललं नाही.
मग तेच उठले,
कपाटाखाली हात घालून चाचपडत राहिले,
सापडल्यावर फुंकर मारून धूळ उडवली
आणि परत ताटासमोर बसले.
भिंतीत खळगा आहे अजून.
कॅलेंडर वीतभर खाली घेतलं तर झाकेल.
आई घेत नाही.

फेब्रुवारीत पुण्याला निवड चाचणी.
मी चौदा, साताऱ्याची मुलगी नऊ.
एक पॉइंट. फक्त एक.
आणि माझ्या हाताला घाई झाली.
चौदा-दहा.
चौदा-अकरा, बारा.
मास्कच्या जाळीत स्वतःचाच श्वास गरम,
पाय कुठे होते
खरंच आठवत नाही.
पंधरावा दिवा लागला तो तिच्या बाजूचा.
मास्क काढून सलामी द्यायची असते,
हरलेल्यानंही.
दिली.

रडायचं ते एसटीतच उरकलं,
संगमनेर ते सिन्नर.
दार बाबांनी उघडलं,
कडी त्याच हातानं काढून.
काय झालं विचारलं नाही,
चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.
घर मात्र विचित्र शांत.
ताटात बोल्ट उभा,
नट शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट.
"जमलं?" मीच विचारलं.
"हा जमला," ते म्हणाले,
आणि शर्टाच्या खिशातून
त्याहून बारीक एक काढला.

सोमवारी पाच वाजून दहा मिनिटांनी शेडमध्ये
सर एकटेच होते, खडू शोधत.
"किती?"
"चौदा-पंधरा."
"पाय?"
"थांबले होते, सर."
त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं होतं.
खडू माझ्याकडे दिला.

मी वाकून रेघ ओढली,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
बोटं गारठलेली, मधे वाकडी आली.
बाहेर कंपन्यांच्या बस लागत होत्या,
रात्रपाळीची माणसं कानटोपी ओढून उतरत होती.

रेघ पुसली नाही.
गुडघे वाकवले.
एक.