शंभरात चार

त्या मे महिन्यात सदतीस अंश ही गार जागा होती.
खोलीत चव्वेचाळीस. म्हणून इन्क्युबेटरलाच
ओला गोणपाट गुंडाळला,
तापलेल्या कपाळावर घडी ठेवतात तसा.

इतवारीतून सायकलवर बर्फाची लादी यायची,
भुशात लपेटलेली, अजनीच्या पुलापर्यंत निम्मी.
उरलेल्या निम्म्यात नळ्या रोवायच्या.
गारव्यात पेशी अंगावरचं दाखवतात,
ऊब लागली की
सगळं एका कडेला गोळा करून गिळून टाकतात.

चार आठवड्यांचा उंदीर. छातीच्या हाडामागे
दोन पांढरी पानं, नखाएवढी.
पुस्तकातलं नाव यौवनलोपी ग्रंथी.
मी पंचविशीत होतो, नाव वाचून हसलो होतो.

अंधाऱ्या खोलीत डोळा लावून मोजायचं.
काळं, काळं, काळं,
मग एखादीच्या कडेला हिरवी बारीक कोर.
शंभरात चार.
सर म्हणाले, या पेशींवर प्रतिपिंड कशाला असतील?
धू पुन्हा.
तीनदा धुतलं. चार.
पाचदा धुतलं. चार.

सुगंधा खोब्रागडे उंदरांचे पिंजरे बघायची.
म्हणाली, "बुधवारीतून आलेल्याच्या
अंगाले धूळ रायतेच नं जी.
त्याची हाय का बजाराची, ते कसं समजन?"

सर बराच वेळ गप्प.
मग ट्रिप्सिन आलं. अंगावरचं सगळं खरवडायचं,
पेशी रात्रभर उबेत ठेवायच्या.
स्वतःचं असेल तर पहाटेपर्यंत पुन्हा उगवेल,
रक्तातून चिकटलेलं असेल तर नाही.

दोनला वीज गेली.
आम्ही दोघं गोणपाटावर पाणी शिंपडत बसलो,
टॉर्च थर्मामीटरवर धरून.
अडतीस. साडेअडतीस. पुन्हा सदतीस.
समोरच्या गच्चीवर कुणीतरी खाट ओढत होतं.
"तुमचं गाव कोन्तं जी?"
काटोलकडचं, मी म्हणालो.
"मंग पुण्यावाणी काऊन बोलता?"
मी गोणपाट पिळला.

सकाळी मोजलं.
शंभरात शून्य. दोनशेत शून्य.
पाचशेत एक.
ती एक सरांनी धुळीत काढली.
मी वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवली,
कडेला, तारखेखाली.

तोवर नवी लादी आली होती.
सुगंधानं घरच्यासाठी ढलपा फोडून डब्यात घेतला,
दाराशी चपला शोधत राहिली.
"लवकर जाय," मी म्हणालो, "ऊन चढाच्या अगुदर.
पायाले चटके बसतीन."