हातचे

एकाहत्तर क्रेडिट पाठवली होती.
चोपन्न पोचली.
मधली सतरा कुठल्या राज्यात सांडली
ते पत्रात लिहिलेलं नाही.

पत्र ओहायोहून आलंय, जाड कागदाचं,
खाली सही: लोर्ना हटश, मूल्यांकन विभाग.
लोर्नाबाई, हे मी तुम्हाला पाठवणार नाहीये,
पण बोलतेय तुमच्याशीच.

काब्लियाची सगळी धरली.
ती इथल्याच सरकारी विद्यापीठात गेली, तासाभरावर.
तिथं करार असतो, रकान्यासमोर रकाना,
तुम्ही फक्त बोट ठेवायचं.
समुपदेशक म्हणाले, तू इतक्या लांब का?
मी म्हटलं, पैसे त्यांनीच जास्त दिलेत.
खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.
चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी
न ओळखता मला ये म्हटलं होतं.

सतरातली स्पॅनिशची पाच गेली,
त्याचं फार वाटत नाही.
घरात भांडतो त्याच भाषेची परीक्षा होती ती.
वेल्डिंगची तीन गेली. जाऊ देत,
हातावरचा डाग कुणी परत मागत नाही.
पण भूगर्भशास्त्र?
"समतुल्य नाही", एवढंच?

बदामाच्या कारखान्यात रात्रपाळी होती तेव्हा,
शिंक आली तरी तपकिरी.
सातला सुटायचे, पार्किंगमध्ये केस झटकायचे,
आठला पेट्रोसियन सर.
तीन कॉलेजांत तुकड्यातुकड्यानं शिकवायचे,
त्यांचं ऑफिस म्हणजे गाडीची डिकी,
अंड्यांच्या खोक्यांत दगड, प्रत्येकाला नंबर.
एकदा कालव्याकाठी नेलं. म्हणाले,
हा इथला नाही. वरून डोंगरातून आलाय,
येता येता कोपरे गेले, वजन गेलं,
तरी आतून ग्रॅनाइटच.
(मी उभ्या उभ्या पेंगत होते.
परीक्षेत आलं नाही ते.)

तुम्ही लिहिलंत, अभ्यासक्रमाची प्रत पाठवा, फेरविचार करू.
कॉलेजात प्रत नाही.
सरांचा फोन आता कुणा दुसऱ्याच्या खिशात वाजतो,
तो माणूस भला आहे, दोनदा सॉरी म्हणाला.

प्रत सापडली स्वयंपाकघरात.
चमच्यांच्या खणात आईनं तळाशी अंथरलेली,
सहापैकी पाच पानं,
आठव्या आठवड्यावर, गाळाचे खडक,
तेलाचा गोल डाग.
मागच्या कोऱ्या बाजूला आईचा हिशेब:
भाडं, गॅस, टायर, माझी फी.
हातचा ती वर लिहिते, बारीक,
आणि त्याला गोल करते,
विसरला की महिना चुकतो म्हणून.

स्कॅनरनं दोन्ही बाजू घेतल्या.
माझ्या लक्षात आलं पाठवून झाल्यावर.
रात्रभर कान तापले होते.
ओहायोला आता आमचं भाडं माहीत.

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र.
चार क्रेडिट मान्य. एकूण अठ्ठावन्न.
आणि तळाशी निळ्या पेनानं,
तुमच्याच अक्षरात असणार, लोर्नाबाई:
मागच्या बाजूची बेरीज तपासली.
बरोबर आहे.

आईनं विचारलं, काय लिहिलंय?
म्हटलं, तुझं गणित ट्रान्सफर झालं.
तिला ते कळलं नाही, किंवा कळलं.
टॉवेलनं हात पुसत म्हणाली,
खण उघडा पडलाय, एखादा कागद असेल तर दे.

मी पहिलं पत्र दिलं. चोपन्नचं.
तिनं बोटांत धरून पाहिलं.
जाड आहे, म्हणाली,
टिकेल.