बदामी हौद, पुढे

अप्पा बळवंत चौकातून घेतली. दोनशे पानी,
निळा पुठ्ठा, आत चौकटी, गणिताची असते तशी.
"मुलगा कितवीत?" दुकानदारानं विचारलं.
मी सुट्टे दिले.

पानांना आकडे मीच घातले, एका बैठकीत.
शहाण्णवला पेन संपलं,
पुढची पानं बिनआकड्याचीच राहिली.

टिंब म्हणजे करायचं.
बाण म्हणजे आज नाही, पुढे.
फुली म्हणजे झालं.
शाळेत फुली म्हणजे चुकलं असायचं,
त्यामुळे पहिले पंधरा दिवस
प्रत्येक झालेल्या कामापाशी
मला बारीकसं ओशाळायला व्हायचं.

पान अकरा.
दुधाचे पैसे. आईचं थायरॉइड, रिकाम्या पोटी.
लिनोचा तुकडा, नऊ बाय बारा.
काळा हौद: पायऱ्या कोरायच्या राहिल्यात.
वीजबिल.

हौद आणि वीजबिल एका रांगेत, एकाच उंचीचे,
हे मला आवडलं.
हौदांसाठी आधी वेगळी वही होती, हातकागदाची, महाग.
तिच्यात मी कधीच काही लिहिलं नाही.
तिच्यापुढे बसायचं तर आधी केस विंचरावेसे वाटत.

दिवसभर मी लॅबमध्ये
लोकांच्या रक्तावर नावं चिकटवते.
रात्री साडेनऊनंतर ओटा पुसून लिनो कोरते.
शहरातले जुने हौद, बारा ठसे, असं ठरलंय,
म्हणजे मीच ठरवलंय.
सात झालेत. फडके हौद दोनदा केला,
कारण पहिल्या खेपेला अक्षरं सुलटी कोरली
आणि ती उलटी छापली गेली.

महिना संपला की उरलेलं सगळं
नव्या पानावर हातानं उतरवायचं.
खरी मेख इथेच आहे.
नको असलेलं काम तिसऱ्यांदा लिहिताना
हात आपोआप थांबतो.
भाचीचा स्वेटर असाच गेला. फ्रेंचचा क्लास गेला.
बदामी हौद गेला नाही
आणि झालाही नाही.
मार्च, पुढे. एप्रिल, पुढे. जून, जुलै, पुढे.

मग वहीच गेली. कात्रजच्या बसमध्ये, बहुतेक.
तीन दिवस मी घरात गवार असताना गवार आणत होते.

"केंजळे बाई? स्वारगेटवरून शेडगे.
वही सापडलीय. येताना ओळखपत्र आणा.
आणि उद्या तुमच्या आईची तपासणी आहे,
चहा देऊ नका."

टेबलावर छत्र्या, एक हेल्मेट,
तबल्याची हातोडी, माझी वही.
"वाचायची नसते," शेडगे म्हणाले,
"पण पत्ता शोधायचा तर वाचावी लागते."
रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, सहीची जागा दाखवली.
"एक विचारू? हे बदामी हौदाचं काय चाललंय?"

मी म्हटलं, वेळ मिळत नाही.
"मार्चपासून?"

मी सही केली.

"मी तिथलाच. समोरून काढायला जाल
तर काही हाती लागायचं नाही, स्कूटरी असतात.
मागच्या बोळातून बघा. सकाळी साडेसातला
ऊन बरोबर भिंतीवर येतं."

घरी येऊन पान उघडलं.
शेवटच्या बाणाखाली पेन्सिलीनं एक टिंब,
माझ्या टिंबांपेक्षा ठसठशीत,
आणि पुढे सरकारी वळणाचं अक्षर:
रवि. ७.३०. मागून.

राग यायला हवा होता. थोडा आलाही,
खोडरबर शोधण्याइतका.
तो सापडला नाही. यादीत लिहिला.

रविवारी गेले.
स्कूटरी खरंच होत्या.
बोळात एक बाई दात घासत उभी होती,
ती तशीच बाजूला झाली, काही न विचारता,
आणि भिंतीवर ऊन आलं, सात पस्तीसला.

फुली अजून मारलेली नाही. नुसती रेघोटी झालीय,
कोरायचं बाकी आहे.
येताना कोथिंबीर आणली.
ती यादीत नव्हती.