चार बोटं खाली

तीन प्रकार असतात, हे मला
वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.
एक टपावरचा. एक डिकीला पट्ट्यांनी आवळायचा.
एक खाली, चॅसीला हूक मारून,
ज्याच्यावर सायकली उभ्या राहतात
फोटोला उभ्या केलेल्या भावंडांसारख्या.

टपावरचा मला आवडला होता.
राजारामपुरीतल्या दुकानात पोरानं
एका बोटानं कुलूप लावून दाखवलं, खट्.
"काका, वारं कापत जातोय बघा."
मी तिथंच उभ्या उभ्या
वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याचा अर्धा चढ चढूनही आलो,
टपावर दोन सायकली, लोक वळून बघतायत.
मग आमच्या पार्किंगचा बीम आठवला,
जिथं सिलिंडरवालासुद्धा मान वाकवून येतो.
घरी मी हेच कारण सांगितलं.
बीम हे कारण नव्हतं.

पट्ट्यांचा स्वस्त. शेजारच्या घोरपड्यांनी
चार दिवस वापरायला दिला.
डिकीवर काळा कोळी बसावा तसा दिसायचा.
रिकामाच गंगावेशीपर्यंत नेऊन आणला,
काचेवर घासून दोन चंद्रकोरी उमटल्या,
नंबरप्लेट झाकली गेली,
आणि एवढं करून सायकल उचलायची ती
छातीइतकी वर.

छाती.
हा शब्द घरात आम्ही हल्ली
जपून वापरतो.

वैजयंती काही म्हणत नव्हती.
भाकरी थापताना तिचा उजवा हात
मध्येच थांबतो, काही विसरल्यासारखा,
मग पुन्हा सुरू होतो.
वरच्या फळीवरचा चटणीचा डबा
फेब्रुवारीपासून ओट्यावर राहतो.
कुणी खाली ठेवला, यावर बोलणं झालेलं नाही.
मे महिन्यात तिनं स्वतःच्या सायकलला हवा भरून आणली
आणि म्हणाली, "चढ नको मला.
चढाच्या वरचं तेवढं दे.
मसाईचं पठार. सपाट. तासभर."

शेवटी उद्यमनगर.
इलाही मिस्त्रींनी काळी काच कपाळावर सारली,
गाडीमागं उकिडवे बसले,
खालून दोन टिचक्या मारल्या, आवाज ऐकला.
"माझा बा," म्हणाले, "बर्फाची लादी
सायकलच्या कॅरेजला बांधून कळंब्याला न्यायचा.
पोचेस्तवर अर्धी व्हायची.
आता सायकलच गाडीत बसून निघाली व्हय?"
शेजारच्या लेथवरचा पोरगाही हसला.
मीही हसलो. उत्तर येत नव्हतं.

"उंची किती ठिवू?"

टेप त्यांच्या हातात होती.
मी माझा हात पुढं केला, तिचा म्हणून,
आणि जमिनीपासून वर नेत गेलो
जिथवर ती आता बादली उचलते तिथवर.
गुडघ्याच्या वर, कमरेच्या बरंच खाली.
तिथं थांबलो.
एवढ्या खाली कशाला, असं ते विचारतील
म्हणून एक वाक्य तयार ठेवलं होतं,
स्पीडब्रेकरबद्दलचं काहीतरी.

त्यांनी विचारलं नाही.
माझ्या हाताकडं बघितलं,
खडू घेऊन रेघ मारली.
मग ती अंगठ्यानं पुसली
आणि चार बोटं खाली दुसरी मारली.
"हात रोज सारखा नसतोय," म्हणाले,
आणि काच खाली ओढली.

रविवारी सकाळी सहा.
लोखंडाच्या पट्टीवर दुसरी नंबरप्लेट,
तिच्यातला सात जरा कलता.
रेड ऑक्साइड पुरतं वाळलेलं नाही.
ती म्हणाली, "सरक."
मी सरकलो, लांब, पार त्या बीमखाली,
आणि किल्ल्या शोधायला लागलो
ज्या माझ्या हातातच होत्या.
पुढचं चाक. मग जरा वेळ काहीच नाही.
मग मागचं, गुडघ्यानं रेटून.
खट्.

तिच्या कुर्त्याला लाल डाग लागला.
पन्हाळा मागं पडेपर्यंत
ती तो नखानं खरवडत बसली होती,
रागानं नाही.
मी गाडी तिसऱ्या गिअरवरच ठेवली.
मागच्या आरशात रस्ता दिसत नव्हता,
नुसती दोन हँडलं,
प्रत्येक खड्ड्याला एकमेकांवर टेकणारी.